दुखवट्याचे दोन घास

जयेशशेठ माझ्या दारात पहिल्यांदा आला तो अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी एक वाजता. वीस वर्षं मी या वस्तीत राहतो. या वीस वर्षांत दर निवडणुकीला तो नाल्यापर्यंत यायचा, पलीकडे उभा राहून हात जोडायचा आणि तिथूनच परत जायचा. त्या दिवशी तो नाल्यावरची फळी ओलांडून आला. पांढऱ्या बुटांना चिखल लागला तेव्हा त्याने आधी बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू चिखल मीच करून ठेवलेला.

आमची वस्ती डोंबिवलीच्या खाडीकडे, गावाच्या पाठीमागे, खाजणात. गाव शेठच्या लोकांचं. जमिनी त्यांच्या, देवी त्यांची, चाळी त्यांच्या आणि आता टॉवरपण त्यांचे. आम्ही मराठवाड्यातून आलेले, जातीने खालचे, भराव टाकून पत्रे उभे करून राहिलेले. गावात आम्हाला कोणी मारत नाही. कामाला बोलावतात. चहा देतात, पण आम्हाला कागदाच्या कपात आणि घरच्यांना स्टीलच्या पेल्यात. वस्तीतून बाहेर पडायला रस्ता एकच आहे आणि तो देवळापुढच्या मैदानातून जातो.

माझी बायको सरस्वती त्या गावात चार घरची भांडी घासायची. शेठच्या घरची पण. चैत्रात देवीची जत्रा असते. त्या दिवशी सकाळी तिने देवळापुढचं मैदान झाडलं आणि संध्याकाळी त्याच मैदानापाशी रिक्षात मेली.

दुपारपासून तिच्या छातीत दुखत होतं. मी वस्तीतल्याच एकाची रिक्षा आणली, पण जत्रेचा मांडव रस्त्यावर आडवा घातलेला. रिक्षा जाण्याएवढी जागा करायला दोन बांबू सोडावे लागले असते. मी माजिवड्याच्या टॉवरवर सेंटरिंगचं काम करतो. दोन बांबू सोडायला पाच मिनिटं लागतात हे मला माहीत आहे. मी हात जोडले. शेठचा चुलतभाऊ मयूर म्हणाला, "पालखी उठायची वेळ झाली. आता मांडव हलवत नाहीत, रीत आहे. अर्धा तास थांब." शेठ तिथेच होता, पालखीचा दांडा खांद्यावर घेऊन. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली.

अर्धा तास थांबायची वेळ आली नाही. ती त्याआधीच गेली.

आमच्यात घरातलं माणूस गेलं की सोयरे दुखवटा घेऊन येतात. टोपी-टॉवेल आणतात, घरच्या माणसाच्या डोक्यावर टोपी ठेवतात, त्याच्याच घरात बसून गेलेल्याच्या नावाने दोन घास खातात. मग दुखवटा सुटला असं म्हणायचं. ही रीत गावातल्या लोकांतही आहे. तेराव्याला माझा मेव्हणा विठ्ठल कोपरीहून टोपी घेऊन आला. मी ती घातली नाही. भिंतीवरच्या फळीवर ठेवून दिली. तो म्हणाला, "दाजी, असं करू नका." मी म्हणालो, मला दुःख सोडायचं नाही. तो जेवायचाच राहिला आणि तसाच गेला. तेव्हापासून नऊ महिने मी बोडक्या डोक्याने फिरत होतो आणि सगळ्या वस्तीला ते माहीत होतं.

मग महापालिकेची निवडणूक लागली. आमच्या प्रभागात चार जागा. तीन जागांवरचे बाकीचे उमेदवार एकेक करून घरी बसले. कोणाला काय मिळालं मला माहीत नाही. चौथी जागा राखीव, आमच्या जातीची. तिथे शेठने दिपेशला उभं केलं. दिपेश आमच्यातलाच, गावाच्या पलीकडच्या चाळीत राहणारा. गेली सहा वर्षं तो शेठची गाडी चालवतो.

त्या जागेवर मी अर्ज भरला. सरस्वतीने मुलीच्या कॉलेजसाठी खेटे घालून आमच्या सगळ्यांचे जातीचे दाखले पडताळणीसकट काढून ठेवलेले, ते कामाला आले. मुलीने, रसिकाने, कागद भरले. शेजारची रखमाबाई सूचक झाली. मी निवडून येणार नव्हतो. मला एवढंच बघायचं होतं की शेठला आमच्याकडे मत मागायला यावं लागतं. छाननीत अर्ज टिकला. मग धमक्या सुरू झाल्या. मी त्या मोजल्या नाहीत.

अर्ज मागे घ्यायची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. त्या दिवशी सकाळीच गावाच्या कमानीवर बॅनर लागला. शांततेचा विजय, चारही जागा बिनविरोध. माझा अर्ज अजून तसाच होता आणि बॅनर लागला होता. आणि त्याच सकाळी दोन माणसं येऊन वस्तीच्या मागच्या बाजूने चुन्याची रेघ मारून गेली. खाडीच्या कडेने थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. वस्तीचा स्वतःचा रस्ता होणार, गावातून जायची गरज नाही, असं सांगून गेली. फक्त मारुतीने, म्हणजे मी, अर्ज मागे घ्यायचा.

रखमाबाई लगेच माझ्याकडे आली. तिनेच सही केलेली आणि तीच आता दारात बसली.

"भाऊ, घे मागे."

"तू सूचक आहेस."

"आहे ना. म्हणून सांगते. माझी सून सातव्या महिन्यात आहे. चैत्रात तिचे दिवस भरतात. चैत्रात काय असतं तुला सांगायला पाहिजे का?"

मी सरस्वतीच्या फोटोकडे बघितलं.

"सरस्वती गेली, ती काही परत येत नाही," ती म्हणाली. "पण रस्ता झाला तर माझी सून त्या मांडवापुढे तडफडणार नाही. तुझा राग मोठा का तिचा जीव मोठा?"

"चुना मारलाय. रस्ता नाही झालेला."

"आधी चुनासुद्धा मारला नव्हता कधी."

हे खरं होतं. मला तिचा राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

तर एक वाजता शेठ आला. सोबत मयूर आणि हातात पिशवी घेतलेला दिपेश. मागून वस्तीतली चाळीसएक माणसं आणि गावातली दोन-चार मुलं गोळा झाली. माझी खोली दहा बाय दहाची. शेठने आत येऊन सरस्वतीच्या फोटोला हात जोडले.

"वहिनींचं फार वाईट झालं," तो म्हणाला. "मला तेव्हाच यायचं होतं, मारुती. पण कामं, तुला माहितीये."

"हो. पालखी होती," मी म्हणालो.

मयूरने घड्याळ बघितलं. शेठने मागे हात केला. दिपेशने पिशवीतून शाल आणि नारळ काढून त्याच्या हातात दिले. शेठ शाल उघडून माझ्या अंगावर टाकायला पुढे आला.

रखमाबाई दारातून म्हणाली, "शाल सत्काराला असते, शेठ. यांचा कसला सत्कार करताय, बायको मेली म्हणून?"

बाहेर कोणीतरी हसलं. शेठचा हात तसाच राहिला. तो दिपेशवर भडकला. "तुला सांगितलेलं ना, दुखवटा न्यायचाय म्हणून? गाडीत पडलेलं उचलून आणलंस होय?"

"तुम्ही म्हणालात जे आहे ते घे," दिपेश म्हणाला.

"तोंड चालवू नको."

"राहू दे," मी म्हणालो. "शेठ, तुम्ही दुखवटा आणलाय म्हणता ना?"

"म्हणजे काय. माणूस माणसाच्या दुःखात येतो."

"मग रीतीने करू. दिपेशला टोपी-टॉवेल आणायला पाठवा. रखमाबाई वरणभात टाकेल. तुम्ही माझ्या डोक्यावर टोपी ठेवायची, इथे बसून सरस्वतीच्या नावाने दोन घास खायचे. मग मी तुमच्या गाडीत बसतो आणि सही करतो."

रसिका माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल की बापाने माती खाल्ली. पण मी खरंच बोललेलो. रखमाबाईचं ऐकून बोललेलो. तो जेवला असता तर मी गेलो असतो.

"एवढंच ना?" शेठ म्हणाला आणि हसला. "मयूर, ऐकलंस ना? दिपेश, पळ. टोपी आण, टॉवेल आण, चांगला आण."

बाहेर माणसं खूश झाली. दोन घासांवर रस्ता. रखमाबाईने माझ्याच स्टोव्हवर डाळ लावली. भात टाकला, गुळाचा शिरा केला. तिचे हात भराभर चालत होते. शेठ खुर्चीवर बसला. रसिकाने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो हातात घेतला, बाजूला ठेवला आणि मयूरच्या हातातली सीलबंद बाटली उघडून प्यायला. विचार करून नाही केलं त्याने. सवयीने केलं.

"कसंय मारुती," तो म्हणाला, "माझ्या वडलांपासून, गोमाजीशेठपासून, हा प्रभाग शांत आहे. पंचवीस वर्षं. एक दंगा नाही, एक डोकं फुटलेलं नाही. बाकीच्या ठिकाणी बघ काय चाललंय. ही शांतता कशी राहते? एकमेकांना सांभाळून."

"तुम्हाला शांत वाटतं," मी म्हणालो. "आम्ही फक्त बोलत नाही."

"मग आता बोललास ना? झालं समाधान?"

मयूर म्हणाला, "दादूस, दोन वाजले. निवडणूक कचेरीत पोचायला वीस मिनिटं."

"माहितीये."

सव्वादोनला दिपेश आला. टोपी पांढरी, करकरीत. शेठ उठला, त्याने माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. लोकांनी मोबाईल वर केले. शेठने मोबाईलकडे तोंड केलं. ते त्याला चांगलं जमतं.

रखमाबाईने दोन ताटं वाढून खाली ठेवली. एक माझं, एक त्याचं. शेठ मांडी घालून बसला. बाह्या वर केल्या. मी ताटाला हात लावून थांबलो, कारण पहिला घास दुखवटा आणणाऱ्याचा असतो.

आता हे सांगायला पाहिजे, की आमच्यासारख्यांच्या घरी जेवल्याचे फोटो त्याच्याकडे खूप आहेत. निवडणुकीच्या आधी तो असा जेवतो, फोटो काढतो, पेपरात देतो. ते जेवण वेगळं. ते पाहुण्याचं. दुखवट्याचा घास सोयरा खातो. एकदा खाल्ला की घरी लग्न लागलं तर एकमेकांना बोलवावं लागतं, कोणी मेलं तर खांदा द्यायला जावं लागतं. येताना त्याच्या लक्षात हे आलं नव्हतं. घास हातात घेतल्यावर आलं. तो मोबाईलकडे बघायला लागला, तीस-चाळीस मोबाईल, आणि त्यातले दोन-चार तरी गावातल्या मुलांचे.

मयूर खाली वाकून हळू म्हणाला, पण खोली लहान, मला ऐकू आलं. "दुखवटा आहे, दादूस. उद्या गावात विचारतील, हा तुझा कोण लागतो. काकी तर तुला देव्हाऱ्याला हात लावू देणार नाही."

शेठने घास ताटात परत ठेवला. भाताला लागलेली बोटं टॉवेलला पुसली. माझ्या खांद्यावरच्या टॉवेलला.

"मारुती, आज माझा उपवास आहे," तो म्हणाला. "लक्षातच नव्हतं."

रसिका कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "सकाळी नाक्यावर मिसळ खाताना स्टेटस टाकलंय तुम्ही. अजून आहे ते."

बाहेर दोघं-चौघं मोबाईलमध्ये बघायला लागले.

"तू गप बस," मयूर म्हणाला.

"माझ्या घरात तिला गप बसवू नको," मी म्हणालो.

शेठने हात वर केला. "हे बघा, वाद नको. शब्द दिलाय ना मी? दिपेश, बस इथे. माझ्या वतीने दिपेश खाईल." आणि मग माझ्याकडे बघून समजुतीने म्हणाला, "हा तुमचाच आहे."

दिपेश दारात उभा होता. तो दोन आठवड्यांनी नगरसेवक होणार होता. त्याच्या नावाचे बॅनर छापून आलेले. त्याने शेठकडे बघितलं, मग ताटाकडे. चप्पल काढली, हात धुतला आणि शेठने सोडलेल्या ताटावर बसला. शेठचा घास तिथे तसाच होता, दाबलेला. दिपेशने तो बाजूला सारला नाही. तोच आधी उचलून खाल्ला.

मग मी खाल्लं. नऊ महिन्यांनी मी तिच्या नावाने जेवलो, आणि कोणासोबत जेवलो तर शेठच्या ड्रायव्हरसोबत.

"दोन घास झाले," मयूर म्हणाला. "ऊठ."

दिपेश उठला नाही. वरण कालवलं. शिरा वेगळा काढून ठेवला, शेवटी खायला. सावकाश जेवत राहिला.

"दिपेश, आटप. चावी दे."

"खिशात आहे. हात खरकटा आहे," तो म्हणाला. "मामा, मीठ आहे का?"

रसिकाने मीठ दिलं. मयूर त्याच्या खिशाला हात घालायला वाकला तशी रखमाबाई मध्ये आली. "दुखवट्याच्या ताटावरच्या माणसाला शिवू नको रे. रीत आहे. तुमच्यातपण आहे."

दोन चाळीसला दिपेशने ताट स्वच्छ केलं, हात धुतला, चावी मयूरच्या हातावर ठेवली. शेठ उभाच होता.

"चल, मारुती."

मी बसून राहिलो. "तुम्ही खायचं ठरलं होतं."

"खाल्लं ना त्याने माझ्या वतीने?"

"पालखीला खांदा द्यायला कोणाला उभं केलेलं का तुमच्या वतीने?"

तेव्हा त्याचं खरं तोंड दिसलं. मला ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. "तुझी लायकी काय आहे रे?" तो म्हणाला. "घरात आलो तुझ्या. टोपी घातली. तुझ्या बायकोला माझ्या आईने दहा वर्षं पोसलं. आणि तू मला अटी घालतोस? रस्ता विसर. हा चुना आहे ना, संध्याकाळपर्यंत पुसून टाकतो. तुझे पत्रे राहतात का बघतो मी. तुझे आणि या सगळ्यांचे."

हे तो सगळ्यांसमोर बोलला. मोबाईल चालू होते.

मयूरने त्याचा दंड धरला. "दादूस, पावणेतीन."

शेठने दोन श्वास घेतले. परत खाली बसला. बसताना गुडघा माझ्या ताटाला लागला. "आण," तो म्हणाला. "वाढ मला. खातो. मोबाईल खाली करा सगळे. वाढ गं बाई लवकर, गाडी जोरात काढू, फोन करून ठेवतो तिकडे."

मी रखमाबाईकडे बघितलं. मला वाटलं ती धावत वाढेल. तिच्या सुनेचा रस्ता होता तो. ती स्टोव्हपाशी बसलेली, पातेलं तिच्यापुढे. ती त्याच्याकडे बघत होती. कदाचित पुसलेल्या बोटांचं आठवलं असेल, कदाचित पत्र्यांचं. मी नंतरही तिला विचारलं नाही.

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"संपलं, शेठ," ती म्हणाली. "बसा. परत टाकते. अर्धा तास लागेल."

पातेल्यात भात होता. मला दिसत होता. शेठलाही दिसला असेल.

शेठ उठला आणि मला न घेताच निघाला. तीन वाजले तेव्हा ते कमानीपर्यंतही पोचले नव्हते. गाडी मयूर चालवत होता. दिपेश मागून पायी गेला. जाताना मला म्हणाला, "मामा, मी उमेदवार आहेच अजून. तुमच्या विरोधात." मी म्हणालो, माहीत आहे. तो म्हणाला, "शिरा चांगला झालेला," आणि गेला.

शेठने शब्द पाळला. संध्याकाळी चुन्यावर माती ओढून गेले. दुसऱ्या दिवशी गावातल्या सहा घरांनी वस्तीतल्या बायकांना कामावरून काढलं. माझ्या पत्र्यावर दगड पडले. ते गावाकडून आले की वस्तीतून, सांगता येत नाही. नळावर बायका रखमाबाईला म्हणाल्या, झाकण काढलं असतंस तर काय जात होतं तुझं? ती त्यांना शिव्या देऊन परत आली. सुनेला तिने खडवलीला माहेरी पाठवून दिलं, आत्ताच, चैत्राची वाट न बघता. माझ्याशी ती बोलत नव्हती. मीही तिला आभार वगैरे म्हणालो नाही. तिने सुनेचा रस्ता सोडला, मी तेवढं काहीच सोडलेलं नव्हतं.

कमानीवरचा बॅनर उतरवला. चौथ्या दिवशी शेठ, मयूर आणि दिपेश हात जोडून नाल्यावरच्या फळीवरून आले आणि घरोघर फिरले. वीस वर्षांत पहिल्यांदा. रखमाबाईने त्यांना बसा म्हटलं, चहा टाकला आणि शेठला कागदाच्या कपात दिला. त्याने तो प्यायला. मत हवं होतं.

मी त्या दिवशी कामावर गेलो नाही. शेठने घातलेली टोपी स्टोव्ह पुसायला घेतली. फळीवरची विठ्ठलने आणलेली टोपी काढली, झटकली, घातली. ती डोक्याला थोडी सैल होते. मग रसिकाने छापून आणलेले कागद घेतले आणि प्रचाराला निघालो.

पहिल्या दाराची कडी वाजवली. आत माणसं होती, टीव्ही चालू होता. कोणी उघडलं नाही. कागद दाराच्या फटीतून आत सारला आणि पुढच्या दारावर गेलो.